कुसुम टॉकीज कशी वाचली

खंडेनवमीच्या सकाळी कुसुम टॉकीजच्या ऑफिसात टॉकीजची सगळी हत्यारं पाटावर ओळीनं मांडली होती. प्रोजेक्टरच्या खोलीची किल्ली, अंधारात खुर्च्या दाखवायच्या दोन बॅटऱ्या, तिकिटावर मारायचा शिक्का, आणि सगळ्यांच्या मागं भिंतीला टेकून उभा केलेला, लाल अक्षरांचा 'हाऊसफुल्ल' बोर्ड. बाकीची हत्यारं निदान वापरात तरी होती. बोर्ड मात्र वर्षातून एकदा, याच दिवशी कपाटामागून निघायचा, हळदीकुंकू लावून घ्यायचा आणि दसरा झाला की पुन्हा कपाटामागं जाऊन बसायचा. तो खरोखर शेवटचा कधी लागला होता हे मॅनेजर रंगनाथ ढमढेरे यांना पाठ होतं, पण ते आता कुणी विचारत नव्हतं.

बोर्डाची पूजा घरच्या सुनेनं करायची, अशी टॉकीजची रीत होती. विमलाबाईंच्या सासऱ्यांनी टॉकीज बांधली तेव्हापासूनची. विमलाबाई आता टॉकीजच्या मालकीण होत्या, ऐंशीच्या घरातल्या होत्या आणि त्यांचे गुडघे कधीच कामातून गेले होते. तरीही त्या कर्वेनगरहून रिक्षा करून आल्या, दोन पायऱ्या चढताना चार वेळा "अगं आई गं" म्हणाल्या आणि बोर्डाला झेंडूची माळ घालून झाल्यावर त्यांनी फर्मावलं, "रंगनाथ, या वर्षी बोर्ड आत ठेवू नका. बाहेर तिकिटाच्या खिडकीवर लावा. त्याच्या जागेवर."

"बाई, आत दहा-बारा माणसं असतात."

"पूजेला बसवताना माणसं मोजतात का? संध्याकाळी ते समितीवाले येणार आहेत. कळू दे त्यांना या वास्तूनं काय काय पाहिलंय. आणि एक लक्षात ठेवा. उद्या उत्तरपूजा होईपर्यंत बोर्ड जागचा हलता कामा नये."

पूजेला लावलेलं हत्यार दुसऱ्या दिवसापर्यंत हलवायचं नाही, हीसुद्धा रीतच. प्रोजेक्टरला तेवढी सासऱ्यांनी सूट देऊन ठेवली होती. मशीनला एक दिवस सुट्टी दिली तर मशीन आपल्याला कायमची सुट्टी देईल, असं ते म्हणत. बोर्डाला अशी सूट द्यायचं त्यांच्या मनात आलं नाही, कारण त्यांच्या काळी बोर्ड काढायची वेळच येत नसे. रंगनाथनं स्टूल घेतलं, बोर्ड खिडकीवर टांगला आणि बाईंना रिक्षात बसवून दिलं.

संध्याकाळी वारसा समितीची माणसं पाहणीला यायची होती. विमलाबाईंच्या मुलानं, अभयनं, एका बिल्डरशी बोलणी पक्की केली होती. दिवाळी झाली की सह्या. टॉकीज वारशाच्या यादीत गेली तर ती पाडता येणार नव्हती. नाही गेली तर जेसीबी. रंगनाथला रात्र रात्र झोप नव्हती. मिसरूड फुटायच्या वयात तो इथं बॅटरी घेऊन उभा राहिला आणि केस पांढरे झाले तरी त्याच दारात उभा होता. स्वतःच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा तो संध्याकाळच्या शोला हजर झाला होता, आणि बायकोनं ते त्याला अजून माफ केलेलं नव्हतं. त्याचं मागणं फार नव्हतं. पडदा उघडावा, आत माणसं असावीत आणि आपण दारात उभं राहून त्यांना आत सोडावं.

तसं पाहिलं तर कुसुमवर प्रेम करणाऱ्यांची पेठेत कमतरता नव्हती. पुण्याच्या माणसाचं आपल्या जुन्या टॉकीजवर फार प्रेम असतं. ते तो घरी बसून करतो. निवृत्त प्राध्यापक महिपतराव यांनी तर 'कुसुम बचाव समिती'च काढली होती. तिच्यातर्फे एकपडदा चित्रगृहांवर तीन व्याख्यानं झाली, तिन्ही एका वातानुकूलित सभागृहात. "आपल्या कुसुममध्येच ठेवा की सर, फुकट देतो," असं रंगनाथ म्हणाला होता. त्यावर महिपतराव म्हणाले, "अहो, तुमच्या खुर्च्या फार टोचतात."

दुपारी बाराच्या शोला आत नेहमीची माणसं होती. त्यातली निम्मी पंख्याखाली झोपायला येत. तिकिटाच्या खिडकीत सोजरबाई बसली होती. ती रोज लोणी काळभोरहून बसनं यायची आणि खिडकीत बसून वाती वळायची, कारण तिकिटं फाडण्यापेक्षा वाती वळायचं काम जास्त होतं. तेवढ्यात कापडी पिशवी घेतलेले एक गृहस्थ बोर्डासमोर थबकले. त्यांनी चष्मा पुसला आणि बोर्ड पुन्हा वाचला.

"हाऊसफुल्ल? कुसुम?"

"न्हाई न्हाई, हायत तिकिटं. किती देऊ?" सोजरबाई म्हणाली.

"बोर्ड लावलाय आणि तिकिटं आहेत?"

"बोर्ड पूजेचा हाय."

"म्हणजे खोटा आहे."

"खोटा कशापायी? चांगला खरा हाय. पूजेला बसवलाय."

"हे बघा बाई, बोर्ड खरा असेल तर तुमच्याकडे तिकीट असता कामा नये. तिकीट असेल तर बोर्ड असता कामा नये. दोन्हीपैकी काय ते एक ठरवा. मी थांबतो."

आणि ते खरोखरच थांबले. त्यांना सिनेमा बघायचा नव्हता. ते मंडईतून दुधी घेऊन घरी निघाले होते. पण प्रश्न तत्त्वाचा होता, आणि तत्त्वासाठी उन्हात उभं राहायला या शहरात कुणाची ना नसते. पाच मिनिटांनी त्यांच्यामागं दुसरा माणूस येऊन उभा राहिला, कारण पुढं एक माणूस उभा होता. मग तिसरा. हाऊसफुल्लचा बोर्ड आणि त्याखाली रांग म्हटल्यावर जाणारे-येणारे गाड्या हळू करू लागले.

स्कूटीवरून चाललेली एक मुलगी थांबली. मैत्री तिचं नाव. कॉलेज सांभाळून ती मोबाइलवर जुन्या पुण्याचे व्हिडिओ टाकायची. "काका, ही लाइन कशाची आहे?" तिनं विचारलं.

"तत्त्वाची," गृहस्थ म्हणाले.

तिनं ते ऐकलंच नाही. मोबाइल उंच धरून ती बोलायला लागली होती. "गाइज, तुम्ही बिलीव्ह नाही करणार! आपलं कुसुम हाऊसफुल्ल आहे! लिटरली लाइन लागलीये! सिक्सच्या शोला या, मिस नका करू यार!"

तीन वाजेपर्यंत तो व्हिडिओ सगळ्या शहरात फिरला. ज्यांनी वर्षानुवर्षं कुसुमचं नाव काढलं नव्हतं, त्यांना एकाएकी कुसुमचं तिकीट मिळत नाही याचा राग आला. तिकीट मिळत होतं तेव्हा ते नको होतं. ते मिळत नाही म्हटल्यावर हडपसरच्या आयटी कंपन्यांतली पोरं लवकर निघून बाइक मारत आली, पेठेतले आजोबा नातवांना घेऊन आले, आणि "एक्स्ट्रा आहे का, एक्स्ट्रा?" असं कुजबुजत एकजण फिरू लागला. लागलेला सिनेमा दक्षिणेतला डब केलेला होता, आणि तोही तिसऱ्या आठवड्यात. कुठला सिनेमा आहे, हे मात्र एकानंही विचारलं नाही.

गर्दी बघून रंगनाथला आधी धडकीच भरली. समितीची माणसं आली आणि त्यांना वाटलं की आपण खोटा बोर्ड लावून फसवतोय, तर? तो स्टूल घेऊन बोर्ड काढायला गेला. खिडकीतून सोजरबाई ओरडली, "साहेब, हात लावू नका! बाईंनी बसवलाय. उचलला आन् आजच कायतरी इपरीत झालं, तर?" स्टुलावर चढलेला रंगनाथ घुटमळला. तेवढ्यात रांगेतून आवाज आला.

"अहो, बोर्ड कशाला काढताय?"

"तिकिटं शिल्लक आहेत, म्हणून."

"आम्ही हाऊसफुल्ल शोचं तिकीट काढलंय. बोर्ड काढलात तर आमचे पैसे परत करा."

रंगनाथ खाली उतरला. खरं सांगायचं तर उतरताना त्याला बरं वाटलं. बोर्डाखाली रांग होती आणि रांग गल्लीच्या तोंडापर्यंत गेली होती. हे दृश्य पुन्हा दिसावं म्हणून त्यानं काय काय नवस बोलले होते, ते त्याचं त्याला ठाऊक. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायलाही वेळ नव्हता, कारण साडेपाचला खालचं सभागृह खरोखरच भरलं आणि पूजेचा बोर्ड खरा झाला.

आता उरले बाल्कनीचं तिकीट मागणारे. बाल्कनी कित्येक वर्षं बंद होती. तिच्या लाकडी तुळया वाळवीनं पोखरल्या होत्या आणि जिन्याच्या दाराला कुलूप रंगनाथनंच लावलं होतं. हे तो समजावून सांगू लागला.

"आमचे वडील बाल्कनीत बसायचे," एकजण म्हणाले. "आम्ही खाली बसणार नाही."

"आज दोन वर्षांनी घराबाहेर पडलोय हो," दुसरे म्हणाले. "परत पाठवताय?"

परत पाठवायचं! या दारातून माणूस परत पाठवायचा! रंगनाथला ते कल्पनेतही सोसेना. एका शोनं काय होतंय, असं त्यानं स्वतःला सांगितलं. आतून कुणीतरी नको म्हणत होतं, पण बाहेरचा आवाज त्याहून मोठा होता. त्यानं खिशातून किल्ली काढली आणि बाल्कनी उघडून दिली.

सहाच्या ठोक्याला वारसा समितीचे साहेब आले. त्यांच्याबरोबर निकिता नावाची तरुण आर्किटेक्ट होती, आणि दोघांना वाट दाखवत पुढं महिपतराव, हातात पुष्पगुच्छ. सोजरबाई एव्हाना दारावर उभी होती. तिनं त्यांना अडवलं.

"तिकीट?"

"अहो, मी कुसुम बचाव समितीचा अध्यक्ष! या टॉकीजसाठी रक्त आटवतोय!"

"ते हाय. तिकीट?"

"पास असेल ना माझा," महिपतराव आवाज खाली आणत म्हणाले.

रंगनाथ धावत आला. त्यानं ऑफिसातल्या खुर्च्या आणून तिघांना मागच्या बाजूला, बाल्कनीच्या कडेखाली बसवलं. दुसरीकडे जागाच नव्हती. साहेब अंधारात डोळे फाडून बघत राहिले. त्यांनी रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा आणि डुलक्या घेणारी चार माणसं अपेक्षिली होती.

मग पडद्यावर हीरो आला. तो गाडीतून उतरला, गाडी उलटी झाली, आणि हीरोनं गॉगल नीट केला. सभागृह पेटलं. शिट्ट्या, टाळ्या, पडद्यावर चिल्लर. वर बाल्कनीत ज्यांच्या वडिलांची आठवण निघाली होती, ते सगळे चपलांनी ताल धरून नाचायला लागले. पहिल्यांदा माती गळली. मग बाल्कनीच्या कडेवरचं चुन्यातलं एक मोठं फूल सुटलं आणि साहेबांच्या मांडीवर येऊन पडलं. लागलं कुणालाच नाही. खालच्या लोकांनी तर त्याला वेगळी शिट्टी मारली. त्यांना वाटलं, सिनेमाच्याच जाहिरातीचा काही भाग असेल.

रंगनाथच्या तोंडचं पाणी पळालं. निकितानं ते फूल दोन्ही हातांत घेतलं होतं. "सर, हे लाइम प्लास्टर आहे! हँडवर्क आहे सगळं! असं काम आता कुठंच उरलं नाहीये. आणि हे लोक त्याच्यावर नाचतायत!"

साहेबांनी पँट झटकली, रंगनाथला बाहेर व्हरांड्यात बोलावलं आणि शांतपणे विचारलं, "रोज असतात एवढी माणसं?"

खरं उत्तर जिभेवरच होतं. रोज दहा-बारा असतात, साहेब, आणि त्यातली निम्मी झोपतात. आजचा सगळा घोटाळा त्या पूजेच्या बोर्डानं केलाय. पण आतून शिट्ट्यांचा कल्लोळ येत होता. आयुष्यभर दारात उभं राहून या प्रश्नाची वाट पाहिली होती, आणि तो विचारणारा माणूस आज समोर होता. शिवाय, टॉकीज चालते म्हटलं तर ती वाचेल, चालत नाही म्हटलं तर कोण वाचवील, असा साधा हिशेब त्यानं केला. रंगनाथनं छाती पुढं काढली.

"रोज असेच असतात साहेब. तिन्ही शो. बाल्कनीसुद्धा."

साहेबांनी मान हलवली आणि ते पुन्हा वर बघायला लागले.

दिवाळी झाली, तुळशीची लग्नंही झाली. एका सकाळी महिपतराव पेढ्यांचा बॉक्स घेऊन टॉकीजवर आले. ते खुर्ची टोचेल म्हणून उभेच राहिले, पण आनंद त्यांच्या अंगात मावत नव्हता. "पहिल्या श्रेणीत, रंगनाथराव! थेट पहिली श्रेणी! आता बिल्डरचा बाप आला तरी एक वीट हलवू शकत नाही. वाचली आपली कुसुम!"

रंगनाथनं आधी पेढा पडद्यासमोर ठेवला. मग तो पहिल्या रांगेत बसून लहान मुलासारखा रडला. सोजरबाईनं पदराला डोळे पुसले. कढ ओसरल्यावर तो उठला आणि म्हणाला, "बाराच्या शोची वेळ झाली. मशीन लावतो."

"मशीन?" महिपतराव म्हणाले. "अहो, शो आता नाहीत."

"आज नाहीत?"

"आज नाहीत, उद्या नाहीत. वारसा समितीनं स्पष्ट म्हटलंय. वास्तू नाजूक आहे, आणि रोज तीन वेळा एवढा जमाव सोसण्यासारखी तिची अवस्था नाही. तुम्हीच सांगितलंत ना साहेबांना? गर्दीपासून संरक्षण हीच तर मुख्य शिफारस आहे. माणसांना आत प्रवेश बंद."

"आणि सिनेमा?"

"सिनेमाचं काय घेऊन बसलात? वास्तू वाचली ना!"

रंगनाथनं प्रोजेक्टरच्या खोलीची किल्ली पुन्हा खिशात टाकली. चूक कुठं झाली ते त्याला लख्ख दिसत होतं. त्या संध्याकाळी खरं बोलला असता, तर दहा-बारा माणसांपासून वास्तूला कसला धोका, असंच साहेब म्हणाले असते. शो चालू राहिले असते. एका संध्याकाळच्या गर्दीनं आणि आपल्या एका वाक्यानं, वर्षानुवर्षांच्या रिकाम्या खुर्च्यांना जे जमलं नव्हतं, ते करून दाखवलं होतं.

संध्याकाळी अभय आला. तो चिडलेला असेल अशी रंगनाथची समजूत होती, पण तो नुसता थकलेला दिसत होता. विकता येत नाही, पाडता येत नाही, चालवता येत नाही, आणि पावसाळ्याआधी छपराची डागडुजी मात्र मालकानंच करायची.

"रंगनाथकाका, एक विचारू? बिल्डरचा प्लॅन तुम्ही पाहिला होता का हो कधी?"

"मी कशाला बघू? पाडायचाच प्लॅन ना तो?"

"वरच्या मजल्यावर दोन पडदे होते त्यात. आईनं अट घातली होती. एकाचं नाव कुसुमच ठेवायचं, आणि मॅनेजर तुम्ही, असं मी लिहून घेतलं होतं. उद्घाटनाच्या दिवशी सांगणार होतो."

सोजरबाईनं त्याच महिन्यात लोणीलाच एका मंगल कार्यालयात काम धरलं. रंगनाथला मात्र वारसा समितीनं ठेवून घेतलं. संरक्षित वास्तूला राखणदार लागतोच, आणि ही वास्तू त्याच्याइतकी कुणाला माहीत होती? त्याला खाकी शर्ट मिळाला, दारात बसायला स्टूल मिळालं आणि एकच काम मिळालं. कुणाला आत सोडायचं नाही.

आणि माणसं यायला लागली. दर रविवारी महिपतरावांची वारसा फेरी निघते, तिला आगाऊ नोंदणी करावी लागते. नव्या-जुन्या पुण्यातून माणसं येतात, बंद दाराचे फोटो काढतात, कुसुमच्या आठवणी सांगतात, आणि मग रंगनाथला म्हणतात, "काका, दोन मिनिटं आत सोडा ना." एवढी माणसं या दारात रविवारच्या शोला येत नव्हती. रंगनाथ मान हलवतो. सुरुवातीला तो दर नकाराबरोबर कारणही सांगायचा. आता तो नुसताच नाही म्हणतो.

माघातल्या एका रविवारी दारात रिक्षा थांबली आणि "अगं आई गं" करत विमलाबाई उतरल्या. त्यांनी काठी टेकली आणि सरळ दाराकडं निघाल्या.

"रंगनाथ, दार उघडा. जरा आपल्या जागेवर जाऊन बसते. घरी करमत नाही."

रंगनाथ उठून उभा राहिला. किल्ली त्याच्याच खिशात होती. समोर महिपतराव तीस-चाळीस माणसांना घेऊन उभे होते आणि सगळे बघत होते.

"बाई, आत जाता येत नाही."

"मला?"

"कुणालाच. आपली टॉकीज वाचलीय, बाई."

विमलाबाई त्याच्या तोंडाकडं बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "कुणासाठी हो?"

रंगनाथनं त्यांना आपलं स्टूल दिलं. बाई त्यावर टेकल्या, तो शेजारी उभा राहिला आणि दोघं आपल्याच टॉकीजच्या दारात पाहुण्यांसारखी थांबली. रस्त्यावर महिपतरावांची माणसं मोबाइल सरसावून फोटोसाठी अर्धगोलात उभी राहत होती. मैत्रीही त्यांच्यात होती.

"अहो रंगनाथराव!" महिपतरावांनी तिथूनच हाक मारली. "जरा बाजूला व्हा ना दोघं. टॉकीज येत नाहीये नीट."

रंगनाथनं एका हातानं बाईंना उठवलं, दुसऱ्या हातानं स्टूल उचललं, आणि दोघं शेजारच्या पानपट्टीपाशी जाऊन उभी राहिली.